नांगी शाबूत, तर भाव शाबूत



जिवंत चिंबोरी घेऊन गेलं की व्यापारी आधी काय बघतो? रंग नंतर, कवच नंतर. आधी तो नांग्या बघतो. दोन्ही असल्या तर माल निर्यातीच्या टोपलीत. एक तुटकी असली तर खालच्या प्रतीत. दोन्ही गेलेल्या असल्या तर "ही घरी खायला ठेवा" म्हणून बाजूला सारतो. नराच्या अंगातलं सगळ्यात चांगलं मांस नांगीतच असतं, त्यामुळे त्याला दोष देऊन उपयोग नाही.

मासिक सभेत हा विषय दोनदा निघाला. तापीच्या मुखाकडून, हजीरा आणि डुमसच्या बाजूच्या चिखलातून येणाऱ्या मालात तुटक्या नांग्या फार दिसतात, अशी भगिनींची तक्रार होती. निवडायला आणि बांधायला त्याच बसतात, म्हणून त्यांच्या नजरेतून ते सुटत नाही. त्यावर एका जुन्या तांडेल काकांनी सरळ विचारलं, "नांगी ठेवली आणि माझं बोट गेलं तर सोसायटी भरून देणार काय?" प्रश्न बरोबर आहे. हात गेला तर घर बसलं. म्हणून आज नांगीबद्दल सगळं नीट मांडतो. थोडं लांब आहे, पण निवांत वाचा आणि बोटीवरच्या पोरांनाही वाचून दाखवा.

नाव एक, वस्तू दोन

आपल्यातले काही पालघर-डहाणूकडचे, ते चिंबोरी म्हणतात. खानदेशातले खेकडा म्हणतात. मालवणकडचा पाहुणा आला तर कुर्ली म्हणेल आणि नांगीला डेंगा म्हणेल. इथल्या गुजराती भावांचा तो करचलो. पण नांगी हा शब्द बहुतेक सगळ्यांना कळतो.

गंमत अशी की मराठीत खेकड्याचा चिमटाही नांगी आणि विंचवाच्या शेपटीचा डंखही नांगी. माणसाने हार मानली की आपण म्हणतो, त्याने नांगी टाकली. प्रत्यक्षात विंचवाला दोन्ही असतात, पुढे चिमटे आणि मागे डंख. खेकड्याला फक्त चिमटे, त्यात विष अजिबात नाही. खेकड्याची नांगी हा त्याच्या पायांच्या पाच जोड्यांतला पहिला पाय आहे. विंचवाचा चिमटा मात्र पाय नाही, तोंडाजवळचा अवयव वाढून तसा झालेला आहे. दोघांचं घराणं फार जुन्या काळी वेगळं झालं आणि दोघांनी हे हत्यार आपापलं वेगळं घडवलं. दिसायला सारखं, मूळ वेगळं.

नांगी चालते कशी

उकडलेली नांगी फोडून खाताना आत एक चपटी, पांढरट, कडक पट्टी लागते. पोरं ती काढून खेळतात. तीच नांगीची सगळी करामत आहे. नांगीला दोन बोटं असतात. खालचं बोट स्थिर असतं, वरचं हलतं. आत दोन स्नायू असतात. मिटणारा स्नायू मोठा, तो त्या रुंद पट्टीला चिकटलेला असतो. उघडणारा स्नायू अगदी बारीक. आपण जे मांस खातो ते जवळजवळ सगळं मिटणाऱ्या स्नायूचं.

यातून कामाची गोष्ट निघते. नांगी मिटते प्रचंड जोराने, पण उघडते फार कमी जोराने. म्हणून मिटलेली नांगी साध्या सुतळीने बांधली तरी ती उघडू शकत नाही. मोडायची गरजच नाही.

दुसरी गोष्ट. काळ्या चिंबोरीच्या दोन्ही नांग्या सारख्या नसतात. एक जाड, आत दाढेसारखे बोथट दात असलेली, ती शिंपले आणि कालवं फोडायला. ही बहुधा उजवीकडे असते. दुसरी थोडी सडपातळ, धारेच्या दातांची, ती कापायला आणि पकडायला. जाड नांगी सावकाश मिटते पण चुरा करते. सडपातळ नांगी झटकन मिटते. बोटं जास्त वेळा हीच पकडते, कारण ती आधी पोचते.

नांगीवरून जातही ओळखता येते. आपल्या देशात काळ्या चिंबोरीच्या मुख्य दोन जाती मिळतात. नांगीच्या मागच्या पेरावर, म्हणजे मनगटाच्या जागी, बाहेरच्या अंगाला दोन ठळक काटे असले आणि पायांवर जाळीदार नक्षी असली तर ती मोठी होणारी हिरवट जात, सायला सेराटा. तिथे काटा एकच, तोही बोथट, आणि नांगी तांबूस असली तर ती लहान राहणारी जात, सायला ओलिव्हेसिया. १९९८ साली शास्त्रज्ञांनी या कुळाची नीट फोड करून चार जाती वेगळ्या केल्या, तोवर सगळ्या एकाच नावाखाली जायच्या. तळ्यात पिल्लं सोडणाऱ्याने हे बघून घ्यावं, नाहीतर लहान राहणारी जात घेऊन ती मोठी व्हायची वाट बघत बसावं लागतं.

ताकदीचं म्हणाल तर आपल्या देशातला या बाबतीतला राजा निकोबारच्या बेटांवर आहे, नारळ खेकडा. जपानमध्ये ओकिनावाच्या संशोधकांनी २९ नारळ खेकड्यांची पकड यंत्राने मोजली आणि २०१६ साली प्रसिद्ध केली. सगळ्यात जोरदार पकड जवळपास १८० किलो वजनाच्या दाबाइतकी भरली. आपली चिंबोरी तेवढी नाही, पण अंगठ्याचं नख फोडायला पुरेशी आहे हे तांडेल काकांना विचारा.

तुटते कशी, परत येते कशी

नांगी जिथे अंगाला मिळते तिथे जवळच निसर्गाने एक तुटायची जागा ठेवलेली आहे. शत्रूने नांगी धरली की खेकडा स्वतःच त्या जागेवरून ती सोडून देतो आणि पळतो. त्या ठिकाणी आत पडदा असतो, तो लगेच बंद होतो आणि रक्त फारसं जात नाही. जीव वाचवायचा हा त्याचा जुना उपाय.

पण आपण मधूनच मोडली किंवा पिरगाळून उपटली तर ती ठरलेल्या जागी तुटत नाही. कधी अंगाचं मांस सोबत येतं. मग निळसर पाणी गळायला लागतं. ते पाणी नाही, ते खेकड्याचं रक्त. आपल्या रक्तात लोह, त्याच्या रक्तात तांबं, म्हणून रंग निळसर. असा खेकडा टोपलीत बाजाराची वाट बघत टिकत नाही. संध्याकाळी जिवंत भरलेला माल सकाळी मेलेला निघतो, त्यामागे कितीदा हेच कारण असतं. मेलेली चिंबोरी लवकर नासते आणि जिवंत मालाचा भाव तिला कोणी देत नाही.

तुटलेली नांगी परत येते हे खरं आहे. आधी एक बारीक कोंब दिसतो, आणि पुढच्या वेळी कात टाकली की छोटी नांगी उलगडते. पूर्वीच्या मापाची व्हायला दोन-तीन वेळा कात टाकावी लागते. पिल्लू वारंवार कात टाकतं, त्याचं लवकर भरून येतं. मोठी चिंबोरी क्वचितच कात टाकते, तिचं फार दिवस लांबतं. तोवर शिंपले फोडता येत नाहीत, खाणं कमी, वाढ कमी. नराचं आणखी नुकसान. मादी कात टाकायच्या आधी नर तिला कित्येक दिवस पोटाखाली धरून राखतो आणि दुसऱ्या नरांना नांगीने हाकलतो. ज्याची नांगी गेली त्याला मादी राखणं जड जातं.

कात टाकण्याचा आणि वजनाचा संबंधही लक्षात ठेवा. एवढी जाड नांगी कवचातून बाहेर काढायची तर मांस अरुंद सांध्यातून ओढावं लागतं. म्हणून कात टाकायच्या आधी नांगीतला स्नायू बारीक होतो. कात टाकल्यावर अंग पाण्याने फुगतं, मांस कमी. अशी पोकळ चिंबोरी मापाला मोठी आणि वजनाला हलकी. अमावास्येची भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ असं आपले जुने लोक सांगतात. पण तिथीपेक्षा अंगठा जास्त खरं बोलतो. पोटाच्या बाजूला पायांच्या मुळाशी हलकेच दाबा. दबलं तर पोकळ. अशी चिंबोरी स्वस्तात विकण्यापेक्षा तळ्यात किंवा पिंजऱ्यात तीन-चार आठवडे चारून कडक करून विकली तर भाव मिळतो. मात्र ठेवणीतल्या चिंबोऱ्या एकमेकींच्या नांग्या तोडतात, म्हणून कप्पे वेगळे हवेत.

ज्यांची कोळंबीची तळी आहेत त्यांना चिंबोरीचा दुसरा चेहरा माहीत आहे. ती बांध पोखरते. २०१९ साली रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटून माणसं गेली, तेव्हा त्या वेळचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला होता आणि लोक संतापले होते. धरणाचं काही असो, तळ्याच्या बांधावरची बिळं मात्र दर पंधरवड्याला तपासत जा.

अमेरिकेत नांगीचीच मासेमारी

फ्लोरिडा राज्यात स्टोन क्रॅब नावाचा खेकडा धरतात. तिथे पूर्ण खेकडा विकायला परवानगीच नाही. मापात बसणारी नांगी काढायची आणि खेकडा पाण्यात परत सोडायचा. नांगी पुन्हा येईल, पुन्हा धरू, हा हिशेब. हंगाम १५ ऑक्टोबर ते १ मे, आणि नांगीचं किमान माप इंचात ठरलेलं. अंडी असलेल्या मादीच्या नांगीला हात लावायचा नाही.

ऐकायला हे छान वाटतं, पण तिथल्याच अभ्यासात दिसलं की नांगी काढलेल्या खेकड्यांपैकी बरेच मरतात, आणि दोन्ही काढल्या तर जास्त मरतात. ज्या देशात ठरलेल्या सांध्यावरून नांगी काढायला शिकवतात तिथे ही गत, तर आपण घाईघाईत पिरगाळून काढतो त्याचं काय होत असेल ते समजून घ्या. "एक नांगी काढून सोडून देऊ, परत येईल" असं आपल्याकडे कोणी म्हणत असेल तर त्याला हे सांगा.

शेवंडीला नांगी नाही, म्हणून तिला माप आहे

हॉटेलच्या फलकावर मोठाल्या नांग्यांचा लाल लॉबस्टर काढलेला असतो. तो अटलांटिक महासागरातला, अमेरिकेचा किंवा युरोपचा. त्याला पूर्वी नांगीच्या सांध्यात लाकडी खुंटी ठोकून गप्प करायचे. त्याने मांस खराब व्हायचं आणि जखम सडायची, म्हणून तिकडे खुंटी सोडून रबरी पट्टा आला. आपल्याकडे कुणी नांगीच्या सांध्यात काडी खुपसत असेल तर तेही याच कारणासाठी बंद करायला हवं.

आपल्या शेवंडीला नांगीच नाही. तिच्याकडे काटेरी लांब मिशा आणि जोरात मागे झटकणारी शेपटी, बस्स. गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जास्त मिळणारी शेवंड म्हणजे पॅन्युलिरस पॉलिफॅगस. तिच्या निर्यातीसाठी केंद्र सरकारने २००३ साली किमान वजन ठरवलं, ३०० ग्रॅम. चपट्या शेवंडीला, जिला मिशांऐवजी पुढे चपट्या पट्ट्या असतात, १५० ग्रॅम. त्याखालचा माल निर्यातीला चालत नाही.

हा नियम का आला ते मुंबईवाल्यांना विचारा. तिथे एके काळी ट्रॉलरच्या जाळ्यात चपटी शेवंड भरपूर यायची. अंडी असलेल्या माद्या, लहान पिल्लं, सगळं उचललं गेलं. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती मासेमारी बसली. उलट बाजूने चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सौराष्ट्रात सिद्दी समाजाच्या मच्छीमारांनी केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या वेरावळ केंद्राच्या मदतीने समुद्रातल्या पिंजऱ्यात लहान शेवंडी वाढवून विकल्या. लहान माल फेकून किंवा मारून टाकण्याऐवजी वाढवून विकला, एवढाच त्यातला धडा.

जाळ्याच्या ढिगातला विंचू

नांगीचा विषय निघाला म्हणून हेही सांगून टाकतो. पावसाळ्यातल्या बंदीत जाळी आणि दोर महिनोन्महिने किनाऱ्यावर ढिगात पडून असतात. त्यात विंचू शिरतो. त्याचे चिमटे बघून एक अंदाज करता येतो. चिमटे जाड आणि मोठे, रंग काळा, म्हणजे इंगळीसारखा, तो बहुधा चिमट्यावर विसंबतो आणि विष सौम्य असतं. चिमटे बारीक आणि रंग तांबूस, तो लाल विंचू, त्याचं हत्यार शेपटीत आहे. तोच जीवघेणा. पण रात्री अंधारात चिमटे मोजत बसायचं नाही.

कोकणातल्या महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर अनेक वर्षं काम केलं आणि प्राझोसिन या गोळीने रोगी वाचतात हे जगाला दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता प्रतिविषही मिळतं. दंशानंतर घाम सुटणं, उलटी, हातपाय गार पडणं, दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट दवाखाना. लहान मूल असेल तर काही दिसायची वाटच बघू नका. आणि जाळं उचलण्याआधी काठीने झटका.

चिंबोरीने बोट धरलं तर

आता तांडेल काकांचा प्रश्न.

१. हिसका देऊ नका. ओढलं की ती जास्त आवळते आणि मांस फाटतं.
२. चिंबोरीचं अंग जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या आणि हात स्थिर ठेवा. पळायला वाट दिसली की बहुतेक वेळा ती सोडते.
३. नांगी मोडून काढली म्हणजे सुटका झाली असं नाही. तुटलेली नांगीसुद्धा आवळलेली राहू शकते. मग पकडीने वरचं बोट उचलून सोडवावी लागते. बोटीवर एक पकड हाताशी ठेवाच.
४. जखम खाडीच्या पाण्याने धुऊ नका. पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती दिवस झाले ते डॉक्टरांना सांगा.
५. खाडीच्या कोमट पाण्यात विब्रिओ नावाचे जंतू असतात. मधुमेह असलेले, लिव्हर खराब असलेले आणि रोज दारू पिणारे यांना ते फार लवकर धरतात. जखमेभोवती लाली पसरली, फोड आले, ताप आला किंवा जखमेच्या मानाने ठणका फारच वाढला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. "उद्या बघू" म्हणण्यात हात जातो, कधी माणूसही जातो.

मोडू नका, बांधा

चिंबोरी नेहमी मागून धरा, शेवटच्या वल्ह्यासारख्या पायांच्या मुळाशी. तिथे नांगी पोचत नाही. पुढून नांग्या अंगाशी मिटवून सुतळी दोन्ही नांग्यांवरून घ्या, कवचाखालून मागे आणा आणि मागच्या पायांच्या मध्ये गाठ मारा. हात बसला की फार वेळ लागत नाही. आपल्या भगिनींमध्ये ज्यांचा हात बसलेला आहे त्या नवीन पोरांना शिकवायला तयार आहेत.

जाळ्यात गुरफटलेली चिंबोरी ओढू नका. ओढली की ती स्वतःच नांगी टाकते. ओलं पोतं टाकून सावलीत ठेवा, अंधारात ती शांत होते, मग सावकाश सोडवा. एखादा फासा कापावा लागला तरी चालेल, फासा पुन्हा विणता येतो. टोपलीत ओलं गोणपाट घाला, ऊन आणि वारा लागू देऊ नका, पण साचलेल्या पाण्यातही ठेवू नका. कल्ले ओले राहिले तर चिंबोरी पाण्याबाहेर काही दिवस सहज जगते.

आणि शेवटचं, सगळ्यात मोठं. पोटाखाली अंड्यांचा पिवळा-नारिंगी गोळा असलेली मादी दिसली तर तिला सोडा. तिच्याकडे लाखो अंडी असतात. ती अंडी घेऊन खाडीतून खाऱ्या समुद्राकडे जाते आणि पिल्लं परत आपल्याच खाडीत, तिवरांच्या मुळाशी येऊन वाढतात. तिवरांच्या क्षेत्रात पश्चिम बंगालनंतर देशात गुजरातचा दुसरा नंबर आहे, हे आपलं भाग्य समजा. सरपणासाठी तिवर तोडणारा दिसला तर त्याला थांबवा, त्या मुळांत आपलीच पुढच्या वर्षीची टोपली आहे. तळहातात मावणारं पिल्लूही सोडा. आज त्याला कोणी भाव देत नाही, थोडं वाढलं की त्याचाच चांगला भाव येईल.

सभेत ठरल्याप्रमाणे पुढच्या महिन्यापासून सोसायटीकडे येणारा माल दोन वेगळ्या टोपल्यांत घेतला जाईल, दोन्ही नांग्या शाबूत आणि बांधलेला एकीकडे, बाकीचा दुसरीकडे. दोन्हींचा भाव वेगळा लिहिला जाईल, म्हणजे मोडण्यात किती पैसे गेले ते ज्याचं त्याला वहीत दिसेल. सुतळीचे बंडल आणि बोटीमागे एक पकड सोसायटीच्या ऑफिसात ठेवली आहे, सही करून घेऊन जा.

काकांना उत्तर एवढंच. बोट सोसायटी भरून देऊ शकत नाही. म्हणूनच सुतळी देतोय.

आपला,
सचिव